नकाशाप्रमाणे तलाव जागेवर आहे

तळ्यावरून निघताना ते उलटे चालायचे. तोंड पाण्याकडे आणि पावलं मागं. मी पहिल्यांदा पाहिलं ते नेरच्या अलीकडच्या एका तलावावर, भर दुपारी. नोकरीवर रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आमचे सर काठी मागं टेकवत, बाभळीची झुडपं न बघता चुकवत, वीसेक पावलं तसे आले, मग वळले आणि चार माणसांसारखे चालायला लागले. ड्रायव्हर रशीदभाई जीपला टेकून तंबाखू मळत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मला राहवेना.

"सर, हे काय?"

"त्याले पाठ कायले दाखवाची?" सर म्हणाले. "थो मागं काय करून राह्यला, कोणाले माहीत?"

'थो' म्हणजे तलाव, हे कळायला मला जीपमध्ये बसेपर्यंत वेळ लागला. मी पुण्याहून गेलेली. भूगोलाची पदवी, उपग्रहचित्रं वाचायचा वर्षभराचा अभ्यासक्रम, आणि असल्या माणसांना सरळ करायलाच आपण जन्माला आलो आहोत अशी पक्की खात्री. सरांनी मला पहिल्याच दिवशी 'पुणेवाली' करून टाकलं होतं. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव उच्चारलं नाही, आणि आता मीही त्यांचं लिहिणार नाही.

आमचं काम सांगायला सोपं होतं. यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडचे, म्हणजे नेर, बाभुळगाव या बाजूचे लहानमोठे तलाव उपग्रहाच्या चित्रांत शोधायचे. कुठल्या महिन्यात पाणी कुठवर पसरलं होतं आणि कुठवर आटलं ते नकाशावर काढायचं. मग जीप घेऊन जायचं आणि जमिनीवर तसंच आहे का ते पाहून यायचं. नकाशे नागपूरला मोठ्या साहेबांकडे जायचे. ऑफिस म्हणजे एका जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्या. सरकी काढायची यंत्रं सुरू झाली की कापसाचे तंतू उडत येऊन कॉम्प्युटरच्या काचेवर बसायचे. पहिल्या दिवशी मी एका तलावातली पांढरी बेटं मोजत बसले होते. सर मागून आले, त्यांनी एक फुंकर मारली आणि सगळी बेटं उडून गेली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. वर्तमानपत्रात रोज जिल्ह्याचं नाव यायचं आणि रस्त्यांवर रोज कुठल्या ना कुठल्या समितीच्या गाड्या धावायच्या. आमची जीपही लोकांना समितीचीच वाटे. गावात शिरलो की माणसं गप्प उभी राहायची. एखादी म्हातारी किडकी बोंडं ओंजळीत घेऊन यायची. सर ती बोंडं हातात घेत, उलटसुलट करून नीट पाहत, परत देत आणि म्हणत, "माय, आम्ही पाणी पाह्याले आलो."

"पाणी कोठी हाये बाप्पा?"

"थेच तर पाहून राह्यलो."

उपग्रहाच्या चित्रात पाणी निळं नसतं, काळं असतं. पिकं आणि झाडं लाल दिसतात, उघडी जमीन करडी. नकाशा छापताना आम्ही तलाव निळे करायचो, आणि त्याचा सरांना मनापासून राग होता. निळा रंग पाहून माणूस बेसावध होतो असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः ट्रेसिंग पेपरवर काढलेले तलाव काळ्या पेन्सिलीचे असत, इतके गर्द घोटलेले की कागदाला मागून फुगवटा यायचा. त्यांच्या टेबलावर पंचवीस-तीस कागद एकावर एक पडलेले असायचे. दिवे गेले, की जिल्ह्याचा तो अर्धा भाग म्हणजे भोकं पडलेली चादर वाटायची. मी त्या टेबलावर एकटीनं डबा खात नसे.

जमिनीवरच्या पडताळणीचा एक छापील फॉर्म होता. त्यात रकाना होता: पाणी आहे किंवा नाही. 'नाही'वर खूण करायला सर कधीच तयार नसत.

"दिसलं नाही, असं लिहा."

"सर, तळात गुरं बसलीत. धूळ उडतेय."

"हो ना. आपल्याले दिसलं नाही."

मग ते त्या कोरड्या तलावाच्या सगळ्यात खोल जागी जाऊन उकिडवे बसत, काठीनं हातभर उकरत, तळातली माती नाकाशी धरत. बाहेर जीपमध्ये आम्ही घामानं निथळत असू. एकदा बाभुळगावच्या पुढं एक उठून गेलेली वस्ती लागली. आठदहा घरं, कौलं गेलेली, दारं निखळलेली. नकाशावर 'वस्ती नाही' एवढं लिहायचं होतं. सर प्रत्येक दारात गेले. प्रत्येक दारात त्यांनी "कोणी हाये काजी?" असं विचारलं आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते तिथं उभे राहिले. सहाव्या दारात ते जरा जास्तच वेळ थांबले. रशीदभाईंनी जीपच्या काचा वर केल्या. परतीच्या वाटेवर मी विचारलं, काही ऐकू आलं का? सर म्हणाले, "नाही. पण विचारल्याबिगर कसं समजन?"

रशीदभाई मला एकदा हळूच म्हणाले होते, "मॅडम, साब दिल के अच्छे हैं. बस पानी के मामले में जरा..." आणि त्यांनी कपाळाशी बोट फिरवलं होतं. मला तेव्हा ते अगदी पटलं.

बाटल्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक तलावातलं पाणी सर एका काचेच्या बाटलीत भरून आणत. औषधाच्या दुकानातून जमवलेल्या, एका मापाच्या बाटल्या. त्यांवर चिकटपट्टीनं गावाचं नाव. ऑफिसच्या खिडकीत त्यांची रांग होती. सकाळी आल्याबरोबर चहाच्या आधी ते त्या रांगेवरून नजर फिरवायचे. गाळ खाली बसून वर पाणी नितळ झालं असेल तर "हा झोपला" म्हणायचे. गढूळ असेल तर "हा जागा हाये." जिनिंगचं यंत्र सुरू झालं की खिडकी थरथरायची आणि सगळे तलाव एकदम हलायचे. अशा वेळी सर पेन खाली ठेवून थांबत. यंत्र थांबलं की लिहायला लागत. मला हसू यायचं. पण पाठमोरी बसले की मानेवर काहीतरी असल्यासारखं वाटायचं, म्हणून मी माझं टेबल फिरवून घेतलं.

आता त्या जानेवारीच्या चित्राबद्दल.

नवं चित्र आलं की ते जुन्या चित्रावर कधीच नेमकं बसत नाही. उपग्रह जरासा तिरका गेलेला असतो, त्यामुळे सगळा मुलूख एका बाजूला सरकलेला दिसतो. मग रस्त्यांचे फाटे, पूल अशा दोन्ही चित्रांत ओळखू येणाऱ्या जागा धरायच्या, तिथं कॉम्प्युटरवर टाचण्या मारायच्या आणि नवं चित्र ओढून जुन्यावर बसवायचं. आम्ही त्याला जुळवणी म्हणायचो. जुळवणी हे माझं काम. मी त्यात तरबेज होते आणि ते मला माहीत होतं.

चित्र येऊन तासही झाला नव्हता. सरांनी त्याची छापील प्रत काढून तिच्यावर आपला ट्रेसिंग पेपर पसरला होता.

"पुणेवाली, इकडे ये. पाह्य. सगळे सरकले."

खरंच, सगळे तलाव पेन्सिलीच्या ठिपक्यांपासून पूर्वेला सरकले होते. बरोबर दोन चौकोन. उपग्रहाचं चित्र चौकोनांचं बनलेलं असतं आणि आमच्या चित्रातला एक चौकोन म्हणजे जमिनीवर साधारण तीस पावलं.

"चित्र सरकलंय सर. जुळवणी व्हायची आहे अजून."

"हो. सगळे सरकले म्हणजे चित्र सरकलं." त्यांनी नेरच्या बाजूच्या एका लहान ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा नाही सरकला."

मी वाकून पाहिलं. तो ठिपका पेन्सिलीच्या ठिपक्यावर तंतोतंत बसला होता.

"मग हा बरोबर आहे."

"रांग दोन पावलं पुढं गेली अन् एक जण होता तिथंच हाये. मंग थो रांगेत मागं आला का नाही?"

मला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी त्या ठिपक्याच्या पश्चिमेला काय आहे ते पाहिलं. मी चित्र ओढून जागेवर आणलं की बाकीचे तलाव आपापल्या जागी बसणार होते, आणि हा एकटा पश्चिमेला दोन चौकोन सरकलेला दिसणार होता. साठ पावलं. त्याच्या पश्चिमेला त्याची पाळ होती, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. पाळीच्या पलीकडे, उतारावर, चाळीस घरांचा बंजारा तांडा होता.

मी लगेच पुस्तकातलं उत्तर दिलं. ओली काळी माती आणि पाणी चित्रात सारखंच काळं दिसतं, यात आमच्या धंद्यातली अर्धी माणसं फसतात. पाळीखालच्या वावरात कोणी गव्हाला पाणी दिलं असेल.

"असन," सर म्हणाले. "जाऊन पाहू."

तांड्याचा नायक साठीचा, डोक्याला पांढरा पटका. आमच्याशी वऱ्हाडीत आणि घरच्यांशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, असं तो एका श्वासात दोन्ही बोलायचा. आम्हाला पाहून त्याला आनंद झाला. पहिलं गाव, जिथं आमच्यासमोर कोणी बोंडं धरली नाहीत.

"पाणी पाह्याले आले ना? या, पाह्या. औंदा देवानं दारात आणून देलं."

त्याची मोठी मुलगी सेवंती आम्हाला घेऊन गेली. आधी बायांना पाण्यासाठी पाळ चढून पलीकडे उतरावं लागे. आता पाळीच्या अलीकडे, तांड्याच्या बाजूला, पायथ्याशी एक झरा लागला होता. भोवती दगड लावून त्याची छोटी विहीर केली होती. दगडांना हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"दिवाळीत पाळीच्या बुडाशी नुसती ओल होती," सेवंती म्हणाली. "मंग झरा लागला. अन् पाह्या ना, रोज जरा जरा इकडे येऊन राह्यलं. माह्या याडीले, मायले, दम्याचा त्रास. तिले चढणं होत नाही, म्हणून पाणीच आलं."

बाया पाण्याचे गुंड भरत होत्या, हसत होत्या. एकीनं मला ओंजळीत पाणी दिलं. थंड आणि गोड होतं. मी आणखी मागून प्यायले. रशीदभाईंनी तोंड धुतलं. सरांनी एक घोट घेतला, तोंडात तसाच धरला आणि तळहातावर थुंकून बराच वेळ पाहत राहिले. मग खिशातून बाटली काढली.

त्या दिवशी तिथून निघताना ते उलटे चालले नाहीत. पाणी पाळीच्या दोन्ही अंगांना होतं, तोंड कुठं करावं त्यांना ठरवता येईना. ते आडवे चालले, खेकड्यासारखे, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत. सेवंती आणि बाकीच्या पोरी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी दोन बोटं गाळ होता. काळा कुळकुळीत. सरांनी त्याच तलावाची दुसरी, पाळीच्या वरच्या बाजूनं भरलेली बाटली तिच्याशेजारी ठेवली. तिच्यातला गाळ पिवळट होता.

"ही माती तळ्यातली नाही," ते म्हणाले. "पाळ बांधताना पोटात काळी माती भरते अन् वरून मुरूम. नितळ पाणी पाझरलं त काही भेव नाही, सगळ्याच पाळी पाझरते. पण पाणी पोटातली माती घेऊन बाहेर येऊन राह्यलं. थे पाळ खाऊन राह्यलं आतून."

"किती दिवस लागतील?"

"थे त्यालेच विचारा लागन," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी साधा होता.

आता माझं सांगते. नागपूरहून साहेबांचा फोन आला की अहवाल आठ दिवसांत हवा. मी जुळवणी केली. सगळे तलाव जागी बसले आणि तो एकटा पाळीवर चढून बसला. साहेबांनी कच्चा नकाशा पाहिला आणि विचारलं, ही चूक कशी राहिली? तलाव कधी चालतात का? नीट जुळवणी करता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला बसवतो. मला माझ्या कामात चूक काढलेली सहन होत नसे. मी सांगू शकले असते की ही चूक नाही, तिथं जाऊन या, ते पाणी मी प्यायले आहे. त्याऐवजी मी त्या तलावाच्याच काठाला तीन टाचण्या मारल्या आणि तेवढा तुकडा ओढून जागेवर बसवला. चित्र रबरासारखं ताणलं जातं. पाच मिनिटांचं काम. तलाव पाळीच्या मागं गेला आणि नकाशा सुंदर दिसायला लागला.

सरांनी छापील नकाशा हातात घेतला. त्यांचं बोट सरळ तिथंच गेलं.

"हे कोणं केलं?"

"सॉफ्टवेअरनं," मी म्हणाले. "आपोआप होतं ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं," म्हणाले. नकाशावर त्यांची सही हवी होती, ती त्यांनी केली नाही. खाली माझी एकटीचीच सही गेली.

सरांनी तलाव ज्यांच्या ताब्यात होता त्या खात्याला पत्र लिहिलं. पाळ तपासा, पावसाळ्याच्या आत तपासा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक शब्द वेगळा करून: "आपल्याच कार्यालयाच्या नकाशाप्रमाणे तलाव जागेवर आहे. सबब पाहणीची आवश्यकता वाटत नाही." त्यांनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुणेवाली, जेवली का तू?"

मग ते एकटेच तांड्यावर जायला लागले. नायकाला त्यांनी बाटल्या दाखवल्या. नायक दुखावला. "साहेब, वावरात कापूस उभा जळाला, तवा कोणी नाही आलं. एक पाणी आमच्याकडे आपल्या पायानं आलं, अन् तुमी म्हणता थे माराले आलं?"  सर बाटल्या उचलून परत आले. ऑफिसात ती काळ्या गाळाची बाटली आता रांगेत नसायची. ती त्यांच्या टेबलावर असायची. मी बघायची नाही म्हटलं तरी नजर जायची, आणि एवढे महिने झाले तरी तिच्यातलं पाणी नितळ झालेलं मी पाहिलं नाही.

पाऊस त्या वर्षी भरपूर झाला. श्रावण लागला आणि सरांनी रजा टाकली. तांड्याच्या वर, माळावर एक खोलीची शाळा होती. तिच्या ओसरीत त्यांनी सतरंजी टाकली. आठवड्यानं मी रशीदभाईंबरोबर तिकडे गेले. सगळं खरं सांगायचं असं ठरवून गेले होते, गाडीत वाक्यं जुळवत होते.

तांड्यात घराघरातली जमीन ओली झाली होती. सारवण धरत नव्हतं, पाऊल टाकलं की रुतायचं. नायकाच्या बायकोनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि चूल दाखवली. चुलीत राखेखालून पाणी वर येत होतं. बुडबुडा नाही, आवाज नाही. राख जराशी वर उचलली जायची आणि काळी व्हायची. तिनं सकाळपासून तीनदा उपसलं होतं. "हसू का रडू, काई समजत नाही," ती म्हणाली. मला तिथं उभं राहवेना.

तिजेचे दिवस होते. बंजारा तांड्यांत श्रावणात लग्नाच्या पोरी दुरड्यांमध्ये गहू पेरतात, रोज पाणी घालून तो वाढवतात, त्याच्याभोवती नाचतात आणि नवव्या दिवशी त्याचं विसर्जन करतात. दुरड्या नायकाच्या दारात मांडलेल्या असतात. सरांनी तांडा रिकामा करा म्हणून महिनाभर विनवण्या केल्या होत्या, कोणी ऐकलं नव्हतं. आता ते पोरींना म्हणाले होते, "गव्हाकडे पाह्या." गव्हाच्या कोंबांवर काळा थर बसला होता. झऱ्याचं पाणी घालून तीज पिवळी पडत होती. पोरी घाबरल्या. ते पाणी तिजेला नको, असं त्यांनीच ठरवलं. चांगलं पाणी एकाच जागी होतं, माळावरच्या शाळेच्या हातपंपाला. भर पावसात गुंड घेऊन चिखलातून रोज वर-खाली कोण करणार? त्यापेक्षा तीजच वर न्यावी. नायक आधी नाही म्हणाला. सेवंती हटून बसली, तेव्हा त्याचं काही चाललं नाही.

मी पोचले तेव्हा दुरड्या वर चालल्या होत्या. पुढं पोरी गाणी म्हणत, मागं सर, डोक्यावर एक दुरडी आणि चष्म्यावर पावसाचं पाणी. त्यांनी माझ्या हातात दुसरी दुरडी दिली. "नीट धर. सांडू नको." मी दुरडी धरून चढ चढले आणि सांगायचं ते सांगितलं नाही. शाळेपाशी पोचल्यावर म्हणाले, "सर, दुरड्या हलवून काय होणार?"

"तीज वर गेली म्हणजे पोट्ट्या वर आल्या. पोट्ट्या वर आल्या म्हणजे त्यायच्या माया येतीन," ते म्हणाले. "माया आल्या म्हणजे भाकरी वरच भाजन. मंग माणसं खाली काय करतीन?"

तसंच झालं. ओल्या घरांना कंटाळून दोन-तीन दिवसांत लोकांनी अंथरुणं वर आणली, मग शेळ्या आणल्या. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सगळा तांडा शाळेत आणि शाळेभोवती ताडपत्र्या बांधून बसला होता. त्या दिवशी दुपारी पाळ गेली.

तांड्यातलं एकही माणूस मेलं नाही. चाळीस घरांपैकी एकही घर उरलं नाही. मी दुरड्या वर पोचवून परत गेले होते, ती पाळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचले. नायक शाळेच्या पायरीवर बसला होता. तो जे बोलला ते तो कुणाकडेही न बघता बोलला.

"मी म्हणलं साहेब, खाली आता कोणी नाही. त्यायनं इचारलं, तू पाह्यलं का? म्हणलं पाह्यलं नाही, पण नाही कोणी. मंग गेले थे. आमी वरून पाहून राह्यलो होतो. एकेका दारात उभं राहत. आवाज देत. थांबत. चाळीस दारं झाली. मंग निंगाले त मधातल्या नाल्याले पूर, वाट बुडाली. पाळीवरून येतो म्हणून हात केला अन् पाळीवर चढले."

 आतून कुणी तरी पोर रडत होतं, त्याला गप्प केलं गेलं.

"पाळ मधातून गेली. आवाज मागून आला, पहिले नुसती गेली. पाळ नोयती, नुसतं पाणी. अन् साहेब चालूनच राह्यले होते. हळू हळू. खाली काईच नोयतं. मी एकट्यानं नाही, समद्या तांड्यानं पाह्यलं. दहा पावलं चालले असतीन. मंग पाऊस जोरात आला."

सेवंती दारात उभी होती. ती म्हणाली, "बारा."

पाऊस होता, अंतर होतं, माणसं भेदरलेली होती, हे सगळं मला कळतं. मी त्यांना काहीही समजावून सांगितलं नाही. शोधणाऱ्यांनी नाल्याचा काठ नदीपर्यंत धुंडाळला. सर सापडले नाहीत.

दीड महिन्यानं काकू ऑफिसात आल्या, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांना मी एकदाच, संक्रांतीला भेटले होते. त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं थे वरतून काढलेलं चित्र आलं का, त्यानंतरचं?"

ढग हटल्यावरचं चित्र आलं होतं. मी ते उघडून दिलं. तलावाच्या जागी करडा डाग होता आणि तांड्याच्या जागी काळा. काकूंनी विचारलं, यात ते कुठं? मी सांगितलं, यातल्या एका चौकोनात आपलं हे अख्खं ऑफिस बसतं, माणूस दिसत नाही. त्यांनी मान हलवली. मग मी सगळं सांगून टाकलं. टाचण्या, नकाशा, सही, सॉफ्टवेअरनं केलं असं म्हणाले ते. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो थांबवता येत नव्हता. मी रडत होते. काकू रडल्या नाहीत.

"मंग ठेव ना थो पुन्हा जिथच्या तिथं," त्या म्हणाल्या.

मी जानेवारीच्या जुळवणीची फाईल उघडली, त्या तलावाच्या काठावरच्या तीन टाचण्या काढल्या आणि चित्र सोडून दिलं. तलाव पाळीवर सरकला.

"हाललं का?"

"हो."

"मले नाही दिसलं. अजून एकदा दाखव."

मी पुन्हा दाखवलं. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा त्यांना दिसलं. त्यांनी करंगळीचं नख काचेवर धरून पाहिलं. नखाचीसुद्धा रुंदी जास्त होती.

"एवढंसंच?"

"एवढंसंच, काकू."

 मग सरळ होऊन त्यांनी पिशवी उचलली.

"अन् थे होते तवर एवढं तुले सांगता नाही आलं त्यायले," त्या म्हणाल्या.